साखरेची दोन बाळंतपणं

माझी मोठी मुलगी ओवी जन्मली तेव्हा चार किलो दोनशे ग्रॅमची होती. अंबरनाथच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये तिला बघायला शेजारच्या खोल्यांतल्या बायका येऊन गेल्या. माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, बाळाला दुपट्यात घेऊन दारातच उभ्या होत्या. "आमच्या घरच्या तांदळाचं बाळ हाय," असं येईल त्याला सांगत होत्या. सिझेरियनचे टाके ठणकत होते, तरी मला हसू येत होतं. एवढं गुटगुटीत बाळ आपल्या पोटात वाढलं याचं कौतुक मलाही होतंच.

थोड्या वेळाने ओवीचे हात थरथरायला लागले. थंडी वाजत असेल म्हणून आईंनी आणखी एक दुपटं गुंडाळलं. तेवढ्यात सिस्टर बाळाची साखर बघायला आली. तिने टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, मशीनवरचा आकडा बघितला आणि बाळाला उचलून जवळजवळ धावतच बाहेर गेली. आई रिकामे हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

बाळाच्या रक्तातली साखर फार खाली गेली होती. तासाभरात तिला उल्हासनगरच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात हलवलं. माझा नवरा महेश आणि आई तिच्याबरोबर गेले. मी टाक्यांसकट अंबरनाथच्या खाटेवर राहिले.

मी सांगितलेलं खोटं

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडम राउंडला आल्या. माझी फाइल त्यांनी पहिल्या पानापासून उलटली आणि विचारलं, "सुजाता, सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची तपासणी होती. त्याचा कागद यात नाही. तू मला रिपोर्ट नॉर्मल आहे असं सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं.

झालं होतं असं. मी उल्हासनगरला एका कपड्यांच्या होलसेल दुकानात काम करते. गादीवर बसून ड्रेस मटेरियल दाखवायचं, कापडाचे तागे उलगडायचे, परत घड्या घालायच्या. लग्नसराई होती. मी सकाळी लॅबमध्ये जाऊन ते गोड पाणी प्यायले आणि दहा मिनिटांत सगळं उलटलं. लॅबवाला म्हणाला, उद्या परत या. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी कंटाळा होता. पुढच्या भेटीत मॅडमनी विचारलं तेव्हा ओशाळं वाटून मी म्हटलं, "नॉर्मल आहे मॅडम, कागद घरी राहिला." त्या पुढेही एकदा म्हणाल्या, कागद आण. मी हो म्हटलं. मला काहीच होत नव्हतं. चक्कर नाही, काही नाही. तहान लागायची, पण गरोदरपणात लागतेच असं सगळ्या म्हणायच्या.

खाटेवर बसून मी हे सगळं मॅडमना सांगितलं. वाटलं, आता झाडतील. त्या स्टूल ओढून बसल्या.

"घरात कोणाला शुगर आहे?"

"माझ्या बाबांना. बदलापूरला असतात. पायाचं बोट काढलंय त्यांचं."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं होतं. मी नाही म्हटलं. म्हातारपणाची शुगर, तिचा माझ्याशी काय संबंध, असं वाटलं."

मग त्यांनी मला समजावलं. मला जसं कळलं तसं सांगते. गरोदरपणात वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, वाढत जाते तसं आईच्या शरीरातलं इन्सुलिन कमी पडायला लागतं. बहुतेकींचं शरीर जास्तीचं इन्सुलिन बनवून निभावून नेतं. काहींचं नेत नाही. मग आईच्या रक्तातली जादा साखर नाळेतून बाळाकडे जाते. ती जिरवायला बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि त्या साखरेवर अंगाने भरत जातं. नाळ कापली की साखर बंद होते, पण बाळाचं वाढलेलं इन्सुलिन लगेच थांबत नाही. म्हणून ओवी थरथरत होती.

"म्हणजे माझ्यामुळे झालं?"

मॅडम म्हणाल्या, "शुगर तुझ्यामुळे झाली नाही. वडिलांकडून थोडी आली, वाढलेल्या वजनातून थोडी, दिवसभर बसून राहण्यातून थोडी. पण वेळेवर कळली असती तर आपण खूप काही करू शकलो असतो. तेवढी जबाबदारी मात्र तुझ्याकडे येते."

खोटी समजूत घातली नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

चार दिवस

त्या चार दिवसांत मी माझ्या बाळाला फोनवरच्या फोटोत बघितलं. काचेची पेटी, हाताला चिकटवलेली सुई, डोळे मिटलेले. सिस्टर मला दूध काढायला शिकवायची. महेश ते बाटलीतून उल्हासनगरला न्यायचा. कंपनीतून त्याने रजा घेतली होती. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत तो ऑपरेटर आहे, पण त्या चार दिवसांत त्याचा चेहराच पांढरा पडला होता. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, "दुकानापायी एवढं?" आणि बाटली घेऊन गेला. हे वाक्य आमच्यात बरेच महिने राहिलं.

आई त्या काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावरून हलल्या नाहीत. तिथल्या वॉचमनने त्यांना दोनदा उठवलं, त्या दोनदा परत येऊन बसल्या.

पाचव्या दिवशी ओवी घरी आली. आता ती पाच वर्षांची आहे, अंगणात कोंबड्यांच्या मागे पळते. तिला काही झालं नाही. निघताना मॅडमनी मला बजावलं होतं, "तुझी शुगर आता बहुधा उतरेल. पण सहा आठवड्यांनी तपास, आणि मग दर वर्षी. पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधी माझ्याकडे ये. राहिल्यावर नाही, आधी."

सहा आठवड्यांनी मी तपासणी केली. नॉर्मल आली. दर वर्षीचं मात्र राहून गेलं.

गादीवरून उठले

ओवी तीन वर्षांची झाली आणि आम्हाला दुसरं मूल हवंसं वाटायला लागलं. मी मॅडमकडे गेले. त्यांनी आधी माझ्या पोटाकडे बघितलं आणि हसल्या. "कितवा महिना?"

"नाही मॅडम, अजून काहीच नाही. तुम्हीच म्हणाला होतात आधी ये."

"म्हटलं होतं खरं. पण आधी येतं कोण? बस."

तपासणीत साखर नॉर्मलच्या वरच्या काठाला होती. मधुमेह नाही, पण दाराशी आलेला. वजन ओवीच्या वेळेपेक्षा जास्त. मॅडम म्हणाल्या, "घाई करू नकोस. सहा-आठ महिने घे. थोडं वजन उतरव, रोज चाल, ताट बदल. शुगर येणारच नाही अशी गॅरंटी मी देत नाही. पण शक्यता कमी करता येते, आणि आलीच तर सौम्य येते."

आमचं घर पालेगावात. सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत. टॉवरमधली माणसं सकाळी बूट घालून नव्या रस्त्यांवरून चालतात. आम्ही गावातली माणसं कामाला म्हणून चालतो, नुसतं कोणी चालत नाही. मी पहिल्या दिवशी बूट घालून निघाले तेव्हा आई ओट्यावर दात घासत होत्या.

"कुठं चाललीस गो?"

"चालायला."

"कुठं पण?"

"कुठं नाही. नुसतंच."

त्यांना ते पटेना. आठवडाभराने एका सकाळी बोलल्याच. "महेशच्या वेळी सातव्या महिन्यात मी लावणी केली. दोन येळा भात खायचे, भाकरी पण तांदळाची. मला कुठं शुगर झाली? तुमचीच पिढी नाजूक."

मी चिडून म्हटलं, "आई, तुम्ही दिवसभर वाकत होता. मी दिवसभर दुकानात गादीवर बसते!"

बोलून गेले आणि वाटलं, आता भांडण होणार. पण त्या आत जाऊन चपला घालून आल्या. "चल. किती चालायचं सांगितलंय?"

अर्धा तास सांगितलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी जायला लागलो. आई नऊवारी खोचून, माझ्यापेक्षा भरभर. चालताना दाखवायच्या, इथं आपली खालची खाचरं होती, इथं पेंढ्याची उडवी रचायचो. टॉवरच्या गेटवरचा वॉचमन त्यांना सलाम करायला लागला, तर त्या म्हणायच्या, "करू दे. आपल्याच जागेत उभा हाय."

ताटाचं जास्त अवघड गेलं. आईंचं माहेर बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यावर, तिथून त्यांचा भाऊ दर वर्षी तांदळाची पोती पाठवतो. त्या घरात भात कमी वाढा म्हणणं म्हणजे माहेराचा अपमान. मॅडमनी भात बंद केला नव्हता. एक वाटी म्हणाल्या होत्या, आणि त्याच्याबरोबर डाळ, भाजी, मासे किंवा अंडं भरपूर. महेशने पहिल्या दिवशी माझ्या ताटाकडे बघितलं आणि आपला भातही कमी केला. आईंना म्हणाला, "मलाही एकच वाटी वाढ." 'दुकानापायी एवढं' हे वाक्य बहुतेक त्या दिवशी आमच्या घरातून गेलं.

आठ महिन्यांत माझं सात किलो वजन उतरलं. त्यानंतर मला दिवस राहिले.

दोन तासांचा बाक

सुरुवातीची तपासणी नॉर्मल आली. सहाव्या महिन्यातली बाकी होती, आणि त्या गोड पाण्याची मला इतकी धास्ती होती की आदल्या दिवसापासून मळमळत होतं. दुकानाच्या मालकीणबाईंना मी भाभी म्हणते. साठीच्या सिंधी बाई, गेली दहा-बारा वर्षं स्वतः शुगरच्या. सुट्टी मागायला गेले तर म्हणाल्या, "अकेली मत जा. मी येते. धंदा दोन-तीन तास लेट उघडला तर काय मरतो?"

त्या खरंच आल्या. लॅबवाल्याला दटावून पाणी गार करून घेतलं, त्यात लिंबू पिळायला लावलं. "एकदम मत गटक. पाँच मिनिट में पी, छोटा छोटा घोट." मी प्यायले. मग बाकावर ताठ बसून राहिले. पोटात ढवळलं की भाभी माझा हात दाबायच्या आणि त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगायच्या. मी मुद्दाम मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते. दोन तास गेले, रक्त दिलं. उलटी झाली नाही. परीक्षा पास झाल्यासारखी मी बाहेर आले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर वाढलेली होती.

वर्षभर चाललेले रस्ते, दुसऱ्यांदा नको म्हटलेला भात, लग्नांमध्ये नाकारलेलं आइस्क्रीम, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मॅडमपुढे बसल्यावर मात्र बांध फुटला.

"मग एवढं कशाला केलं मी? तरी आलीच ना?"

"आली," मॅडम म्हणाल्या. "आणि आपल्याला कळली. किती आहे बघ, रेषेच्या थोडीशीच वर. मागच्या वेळी किती होती ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. तू वजन उतरवलं नसतंस तर ही कदाचित तिसऱ्या महिन्यातच आली असती. तू हरलेली नाहीस. तुझ्या हातात अजून साडेतीन महिने आहेत."

साडेतीन महिने. मी डोळे पुसले आणि विचारलं, "साखर बघायचं मशीन कुठलं घेऊ?"

बोटाची कड

बोट टोचायला भाभींनीच शिकवलं. दुकानाच्या मागे, मालाच्या गठ्ठ्यांआड. "मधे नाही रे बेटा, साइडला टोच. मधे दुखतं, मग कपडा पकडताना रोज आठवतं." खरं होतं ते. बोटाच्या कडेला टोचलं की मुंगी चावल्याएवढंच कळायचं.

मला दिलेले आकडे सकाळी उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी एकशे वीसच्या आत. मी शाळेची वही घेतली आणि रोज लिहायला लागले: काय खाल्लं, किती वाजता, किती आली. दुपारी बरोबर एक वाजला की भाभी गल्ल्यावरून ओरडायच्या, "सुजाता, टाइम! गिऱ्हाईक मी बघते." जेवल्यावर मी गादीवर बसायचे नाही. पंधरा-वीस मिनिटं दुकानाच्या गल्लीत फेऱ्या मारायचे. आजूबाजूचे व्यापारी आधी बघायचे, मग विचारायचे, "आज कितनी आयी?" मी आकडा सांगायचे. गल्लीभर माझी शुगर सगळ्यांना पाठ होती.

भाभी डब्यात साई भाजी आणायच्या. पालक, चणाडाळ आणि घरात असतील त्या भाज्या एकत्र शिजवून घोटलेली असते. ती खाल्ली की आकडा हमखास खाली. आईंना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारून लिहून घ्यायला लावलं आणि स्वतः करायला लागल्या, वर सुकटीची चटणी.

सगळंच असं सरळ गेलं नाही. आईंनी भावाकडून नाचणी मागवली, निवडली, मोड आणून सत्त्व केलं. चांगला आठवडा गेला त्यात. मोठा पेला भरून मला दिला. दोन तासांनी साखर एकशे अठ्ठावन्न. आईंना मी आकडा दाखवला, तर त्या मशीनवरच चिडल्या. "नाचणीनं कधी कोणाला काय झालंय का?" मॅडमनी सांगितलं, नाचणी चांगलीच आहे, पण दळून पातळ केली की भराभर चढते. भाकरी करा, भाजीबरोबर द्या. भाकरीने चढली नाही. ते सत्त्व महेशने संपवलं.

एक चूक माझी. आकडे छान दिसायला लागले तशी मला त्यांची चटकच लागली. मॅडमनी तीन मोठी आणि तीन छोटी खाणी सांगितली होती. मी गुपचूप रात्रीची भाकरी बंद केली, संध्याकाळचे दाणे बंद केले. वही सुंदर दिसायला लागली. दोन आठवड्यांनी वजन वाढलेलं नव्हतं आणि लघवीच्या तपासणीत कीटोन सापडले, ते अंगाला खाणं पुरत नाही तेव्हा येतात. मॅडम माझ्यावर पहिल्यांदा रागावल्या त्या याच दिवशी.

"वहीला मूल होणार आहे का तुला?"

मी वही मिटली.

"उपाशी राहून आकडा आणायचा नाही. बाळ भुकेलं राहतं. खाऊन आकडा आणायचा. जमत नसेल तर औषध देणं माझं काम आहे, उपास करणं तुझं काम नाही."

एकदा खोटा रिपोर्ट सांगितला होता, आता खरा आकडा खोट्या मार्गाने आणत होते. घरी येऊन मी आईंना सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोर बसून पोटभर जेवले.

डोहाळजेवण

आठव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. माझ्या नणंदेने, कविताताईंनी, पुरणपोळी, बासुंदी, पाच प्रकारचे लाडू अशी यादी काढली. मी म्हटलं, सगळ्यांसाठी करा, मी चाखेन फक्त. त्या हिरमुसल्या.

"वहिनी, एक दिवस खाल्लं तर काय होतंय? लोक काय बोलतील, सुनेला कोरडी भाकर वाढली? आणि तुला काही होत तर नाहीये!"

आई मटार सोलत होत्या. हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, "कविता, त्या काचेच्या पेटीभाईर चार दिवस मी बसलेली. तू नव्हतीस. माझ्या सुनेला काय वाढायचं ते मी ठरवणार."

सासू आपली बाजू घेते तेव्हा तिच्याकडे कसं बघायचं ते मला कळेना, मी मटार सोलायला लागले.

त्या दिवशी आईंनी माझ्या ताटात भरलं पापलेट, मेथीची भाजी, नाचणीची छोटी भाकरी, काकडीची कोशिंबीर, एक वाटी डाळ आणि कोपऱ्यात लाडवाचा चतकोर तुकडा वाढला. ओटी भरताना बायका ताटाकडे बघत होत्या. आई त्यांना एकेक पदार्थाचं कारण सांगत होत्या. इतकं ठणकावून, की कविताताईंनीही शेवटी त्यांनाच विचारलं, "मला पण तपासायला हवी का गं शुगर? आमच्या बाबांना होती ना."

"मग? हवीच."

त्यांनी तपासली. त्यांची नॉर्मल होती. आईंची मात्र थोडी वाढलेली निघाली, आणि आमच्या सकाळच्या फेरीचा अर्धा तास पाऊण तास झाला.

सुई

नवव्या महिन्याच्या तोंडाशी उपाशीपोटीची साखर ऐकेना. जेवणानंतरचे आकडे ठीक, पण सकाळी उठल्या उठल्या शंभरच्या वर. चार दिवस झाले, पाच झाले. मॅडम म्हणाल्या, झोपण्याआधी थोडं इन्सुलिन घेऊ.

बाबांची आठवण आली. त्यांना इन्सुलिन लागलं तेव्हा आमच्या घरात कोणीतरी गेल्यासारखी शांतता होती. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मी दोन वर्षं डॉक्टरांना नाही नाही म्हणत राहिलो, म्हणून बोट गेलं. तू हो म्हण."

महेशने सुई द्यायची असं ठरलं, पण इन्सुलिनचं पेन हातात घेतल्यावर तोच मागे सरकला. "अरे, कंपनीत रंगाच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह फिरवतोस आणि एवढीशी सुई?" मी त्याच्या हातातून पेन घेतलं, मांडीची चिमूट धरली आणि स्वतःच टोचलं. दुखलं नाही. महेशने मात्र डोळे मिटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळचा आकडा नव्वद आला. मी तो वहीत लिहून त्याच्याभोवती गोल काढला.

मॅडमनी सांगितलं ते इथे लिहिते, कारण अनेकजणी इथेच खचतात. सुई लागली म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नसतं. शेवटच्या महिन्यांत वार जोरात असते, आणि काही वेळा चालणं आणि ताट तिला पुरत नाही. बाळाला फरक पडतो तो तुमच्या साखरेने, ती कशाने खाली आली याने नाही.

तिसऱ्या खाटेवर

सिझेरियन ठरवून झालं. मुलगी झाली, तीन किलो शंभर. सिस्टर आली, टाचेला टोचलं, मशीन बघितलं. वॉर्डातल्या तिसऱ्या खाटेवरून मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"छान आहे. घ्या, पाजा."

थोड्या थोड्या वेळाने ती दिवसभर टोचत राहिली, आणि प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणत राहिली. बाळ माझ्या कुशीतून कुठेही गेलं नाही. पहिल्याच तासात ती अशी चिकटून प्यायली की मला रडू आलं. ओवीला मी पाचव्या दिवशी छातीशी धरलं होतं.

आई बाजूच्या खुर्चीवर पेंगत होत्या. महेशने ओवीला आणलं. ती बाळाच्या मुठीत आपलं बोट घालून बसली आणि तिने मला विचारलं, "मी पण अशीच तुझ्याजवळ झोपायचे?"

"तू थोड्या दिवसांनी आलीस," मी म्हटलं. "पण आलीस."

मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी त्यांना माझी वही दिली. साडेतीन महिन्यांची, मासळीचे डाग पडलेली. त्यांनी ती उभ्यानेच पानं उलटून वाचली. नाचणीच्या पानावर हसल्या. उपाशी दिवसांपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "ही मी ठेवून घेऊ? बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना दाखवायला. माझं बोलणं त्यांना डॉक्टरचं वाटतं." मी हो म्हटलं. बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं माझं. माझी वही कोणी मागून घ्यावी असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

या वर्षीची गोष्ट

सहा आठवड्यांची तपासणी नॉर्मल आली. महेश म्हणाला, "सुटलो एकदाचे." मी म्हटलं, "तू सुटलास. मला दर वर्षी जायचंय." ज्या बाईला गरोदरपणात शुगर झाली, तिला पुढे कायमची होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते. त्याची आठवण कोणी येऊन करून देत नाही. बाळाच्या लसी लक्षात राहतात, आईची तपासणी राहून जाते. माझी एकदा राहिलीच होती.

धाकटी गेल्या महिन्यात एक वर्षाची झाली. त्यानंतरच्या सोमवारी मी तिला आईंकडे सोडून उपाशीपोटी लॅबमध्ये गेले. खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरायला घेतला.

"कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आले."

तिने वर बघितलं. "काय त्रास होतोय?"

"काहीच नाही."

"मग?"

"त्रास व्हायच्या आधी आलेय."

मी काचेखालून बोट घालून तिला रकाना दाखवला आणि म्हटलं, "पाठवणाऱ्याच्या जागी माझंच नाव लिहा." तिने लिहिलं. मी बाही वर करून आत गेले.